बसण्याची परवानगी

पडदेवालीनं काउंटरमागचं स्टूल पायानंच मागे सारलं आणि कात्री उचलली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, साडेचार मीटर कापड मोजून टेबलावर पडलं होतं, आणि हे स्टूल कुठून उपटलं याचा विचार करायला सवड नव्हती. तिनं काठाला एक छोटा काप दिला, कात्री जराशी उघडी धरून सरळ पुढे रेटली. कापड सरसरत दोन भाग झालं. घडी, पिशवी, चिठ्ठी. गिऱ्हाईक जिन्याकडे वळल्यावर तिनं मागे वळून स्टुलाकडे नीट पाहिलं.

लाकडी, चार पायांचं, वर निळ्या रेक्झिनची गादी, एका कोपऱ्यातून स्पंज बाहेर आलेला. ओळखीचंच होतं ते. त्या मोठ्या दुकानाच्या या मजल्यावर अकरा जणी काम करायच्या आणि एकीलाही बसायची मुभा नव्हती. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसात, जेवणाचा अर्धा तास सोडला तर उभं राहायचं. बसलेली विक्रेती आळशी दिसते असं वरच्या कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं, आणि ठरवणारा स्वतः खुर्चीत बसूनच ठरवत असणार यात शंका नाही. अपवाद एकच. जिला दिवस गेलेत तिला स्टूल.

त्याचीही एक रीत पडून गेली होती. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. पोट दिसायला लागलं की एके दिवशी सकाळी गोदामातलं ते निळं स्टूल आपोआप तिच्या काउंटरमागे येऊन थांबायचं. मग कापडाचं जड थान उचलायला शेजारची धावायची, डब्यातला चांगला घास तिच्याकडे सरकवला जायचा, आणि मॅनेजर ओळखून घ्यायचा. मजल्यावर नावानं कुणी हाक मारत नसे. चादरवाली, टॉवेलवाली, गालिचेवाली, पायपुसणीवाली. ज्या काउंटरला उभी, ते नाव. स्टूल मात्र ज्या काउंटरला जाई तिथली बाई चार-पाच महिने ‘स्टूलवाली’ होऊन जाई.

आणि आता ते पडद्यांच्या काउंटरला आलं होतं. पडदेवाली अडतीस वर्षांची होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना पक्की ठाऊक होती.

तिनं मान वर करून मजल्यावर नजर फिरवली. टॉवेलवाली एकदम टॉवेलांची थप्पी मोजायला लागली. गालिचेवालीनं पाठ फिरवली. समोर चादरवाली, चोपन्न वर्षांची, मजल्यावरची सगळ्यात जुनी, एका गिऱ्हाइकाला डबल बेडची चादर उलगडून दाखवत होती. चादरीच्या वरून तिनं एकदा पाहिलं आणि चादर थोडी आणखी वर धरली.

पडदेवाली संतापली. हिंमत बघा यांची! पण सकाळपासून उजव्या कुशीत ठणकत होतं, पाय भरून आले होते, आणि अजून जेवणाच्या सुट्टीला दोन तास होते. तिनं स्टूल पुढे ओढलं, मधोमध, सगळ्यांना दिसेल असं, आणि त्यावर ऐसपैस बसली. कात्री मांडीवर ठेवली. बघायचंय ना, बघा.

पोटात काय होतं ते तिला गेल्या गुरुवारी कळलं होतं.

तसं त्याआधी आठ महिन्यांपूर्वीच कळलं होतं. तेव्हा सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर पाच सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसली होती. एवढी गाठ पाळीच्या चक्रात पुष्कळ बायकांना येते आणि आपोआप जातेही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. दुखायचं थांबलं. तीन महिन्यांनी दुकानात सेल होता. मग राहूनच गेलं. मग पोट सुटायला लागलं तेव्हा ती भात कमी करून बघत राहिली.

गुरुवारी आई सोबत आली होती. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा फोटो उजेडाला धरला.

“आता बारा सेंटिमीटर आहे. ही आता आपोआप जाणार नाही. काढावी लागेल.”

“कॅन्सर?” आईनं विचारलं. घरून निघाल्यापासून ती तो एकच शब्द तोंडात धरून बसली होती.

“तसं दिसत नाही. भिंत पातळ आहे, आत नुसतं पाणी आहे, मांसल भाग कुठे नाही. रक्ताचा रिपोर्टही ठीक आहे. पण नक्की काय ते गाठ काढून तपासणीला पाठवल्यावरच सांगता येतं. आत्तापासून घाबरून बसू नका.”

“मग सगळंच काढून टाका ना,” आई म्हणाली. “गर्भपिशवी, अंडाशय, सगळं. परत परत कटकट नको. हिला आता काय करायचंय त्याचं?”

हे आई चांगल्या मनानंच म्हणाली होती. भाजीतला खराब भाग काढताना ती चांगलाही थोडा काढून टाकते, सावधगिरी म्हणून. तरी पडदेवालीला असं झालं की कुणीतरी तिला न विचारता तिचं कपाट आवरायला घेतलंय.

“माझं आहे ते,” ती म्हणाली. “मी इथेच बसलेय, आई. मला विचार.”

डॉक्टरबाईंनी फोटो खाली ठेवला आणि खुर्ची आईकडून तिच्याकडे वळवली.

“विचारते. मूल हवंय का?”

“नाही. म्हणजे, माहीत नाही. नसेल बहुतेक.”

“नसलं तरी अंडाशय बिनकामाचं होत नाही. त्यातून जे स्राव होतात ते हाडांना लागतात, हृदयाला लागतात, झोपेला लागतात. पाळी जायच्या वयाच्या आत दोन्ही काढली तर बाई एका दिवसात म्हातारी होते, असं मी माझ्या पेशंटना सांगते. थोडं वाढवून सांगते, पण फार नाही. तुमची डावी बाजू चांगली आहे, तिला हात लावायचं कारणच नाही. उजवीकडेही मी गाठ तेवढी सोलून काढायचा प्रयत्न करीन. पोटावर तीन-चार छोटी छिद्रं, आत दुर्बीण. गाठीचं आवरण अंडाशयापासून सोडवायचं आणि अंडाशय जागेवर ठेवायचं.”

“नक्की?”

“नक्की म्हणत नाही. आत गेल्यावर संशय आला, किंवा पीळ बसून अंडाशय काळं पडलेलं असलं, तर ते काढावं लागेल. पण काय झालं तर काय करायचं, हे आपण आधी बोलून कागदावर लिहायचं. आणि सही तुमची.”

तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. तोवर जड उचलायचं नाही, सलग उभं राहायचं नाही. एकदम जोराची कळ आली, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घड्याळ न बघता यायचं, कारण एवढी गाठ स्वतःभोवती फिरली की अंडाशयाचा रक्तपुरवठा बंद पडतो. डॉक्टरबाईंनी हे दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा तिच्याकडून वदवून घेतलं, शाळेतल्यासारखं. मग कामाच्या ठिकाणी द्यायला एक चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी चार दिवस तिच्या पर्समध्ये होती. बाई आजारी दिसली की मजल्यावर तिच्याकडचं गिऱ्हाईक दुसऱ्या काउंटरला वळवतात, हे तिनं पाहिलेलं होतं.

आणि मग स्टूल आलं.

पहिले दोन दिवस तिनं मजाच घेतली म्हणायला हरकत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती या मजल्यावर बसून काम करत होती. बसून मोजता येतं, बसून चुण्यांचा हिशोब करता येतो, बसून गिऱ्हाइकाला सांगताही येतं की बाई, हे कापड उन्हाच्या खिडकीला टिकणार नाही. जगबुडी काही झाली नाही. थान काढायला पायपुसणीवाली न सांगता येऊन जायची. जाताना पोटाकडे बघायची आणि पटकन नजर वळवायची.

एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं तर थेटच विचारलं. “कितवा गं?”

“मोजला नाही.”

“पहिलंच का?”

“पहिलंच. आणि हेच शेवटचं,” पडदेवाली म्हणाली आणि फीत ताणून धरली. “खिडकीची उंची किती म्हणालात?”

टॉवेलांच्या थप्पीमागून कुणीतरी खुदकन हसलं.

घरी मात्र वणवा पेटला होता. शेजारणीची भाची दुकानाच्या तळमजल्यावर कपबशांच्या विभागात होती. तिच्याकडून शेजारीण, शेजारणीकडून आई. आई दारातच उभी होती.

“तो रिपोर्ट घेऊन जा उद्या. आणि टाक एकेकीच्या तोंडावर.”

“नाही टाकणार.”

“अगं, लोक काय बोलतायत कळतंय का तुला? तुझ्या बाबांच्या पश्चात मी मान वर करून राहिले ती काय हे ऐकायला?”

“मी काही केलेलं नाही, आई.”

“तेच दाखव ना मग!”

“आणि केलं असतं तर?” पडदेवालीनं चपला काढल्या. पाय सुजले होते, पट्ट्यांचे वळ उठले होते. “खरंच मूल असतं तर काय करायचं होतं? दारोदार माफीचा कागद फिरवायचा? माझ्या पोटात काय आहे ते माझं मी बघते. फोटो काउंटरवर लावायला मी काय पडद्याचा नमुना आहे?”

ताट वाढताना आईनं भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली, पण गरम पाण्याची पिशवी भरून तिच्या गादीवर ठेवायला ती विसरली नाही.

चौथ्या दिवशी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. हा नवीन होता, पस्तिशीच्या आतला, दुसऱ्या शाखेतून आलेला. आधीचा मॅनेजर सगळं नजरेनं ओळखून घ्यायचा. याला कागद लागत. केबिनला तिन्ही बाजूंनी काचा होत्या, त्यामुळे आतलं बोलणं ऐकू येत नसे पण हावभाव अख्ख्या मजल्याला दिसत.

“बसा, मॅडम,” तो म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं की तिथे दुसरी खुर्चीच नव्हती. “म्हणजे... हे बघा. मला तुमच्या खासगी बाबतीत जायचं नाही.”

“बरं.”

“पण स्टूल वापरताय तर फॉर्म भरावा लागेल. नियम आहे.”

त्यानं खणातून फॉर्म काढला. वर ठळक अक्षरांत ‘कामाच्या वेळेत बसण्याची परवानगी’. खाली नाव, काउंटर, आणि मग एकच रकाना: ‘प्रसूतीची अपेक्षित तारीख’. त्याखाली डॉक्टरांचं पत्र जोडा, सही करा.

पडदेवालीनं फॉर्म उलटून पाहिला. मागे कोरा होता.

“आणि दुसरं काही कारण असेल तर?”

“दुसरं म्हणजे?”

“प्रसूती सोडून.”

मॅनेजरनं पेन उघडलं, बंद केलं. “दुसऱ्या कारणाला स्टूल नाही. आजारी असाल तर रजा घ्या ना. घरी आराम करा.”

“ऑपरेशननंतर रजा लागेलच. आत्ता माझे हात चालतात, डोकं चालतं. मला फक्त बसायचंय.”

“मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत. एक तर हा भरून द्या, नाहीतर स्टूल गोदामात.”

ती बाहेर आली तेव्हा दहा जणींच्या दहा माना एकदम खाली गेल्या. राग आला होताच, पण त्याच्याखाली काहीतरी केविलवाणंही होतं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. खरं सांगावं तर अब्रू वाचत होती आणि स्टूल जात होतं. खोटं लिहावं तर स्टूल राहत होतं. रजा घेऊन घरी बसावं तर सगळाच प्रश्न सुटत होता, फक्त मग ऑपरेशनपर्यंत आईच्या डोळ्यांसमोर पडून राहायचं आणि मजल्यावर जे बोलतात त्याला स्वतःच शिक्का मारून द्यायचा. छे! जाणार नाही, लपणार नाही, खोटंही लिहिणार नाही. पण मग लिहायचं काय, ते तिला सुचत नव्हतं.

“ताई,” टॉवेलवाली हळूच जवळ आली. लहान होती, तोंडात तीळ भिजत नसे तिच्या. “माझं नाव सांगू नका हं. पण हे सगळं चादरवाल्या मावशींनी सुरू केलं. स्टूल त्यांनीच आणलं. आणि मॅनेजरसरांच्या कानावरही त्यांनीच घातलं, की तुम्हाला... म्हणजे तुमचं तसं आहे म्हणून. मी स्वतः ऐकलं.”

जेवणाच्या सुट्टीत पडदेवाली गोदामात गेली. चादरवाली तिथे एकटीच, उभ्या उभ्या, इलास्टिकच्या चादरीची घडी घालत होती. ती घडी भल्याभल्यांना जमत नाही. कोपऱ्यात कोपरा घालायचा, आत बोटं फिरवायची, झटका द्यायचा. ती न बघता घालत होती.

“मावशी, तुमचं मी काय वाकडं केलंय?”

चादरवालीनं मान वर केली नाही. “दार लाव.”

“नाही लावत. ऐकू देत सगळ्यांना. अकरा वर्षं तुमच्या समोर उभी राहिलेय मी. तुमच्या मुलाच्या लग्नात मी पडदे शिवून दिले. आणि तुम्ही माझ्या पोटाची दवंडी पिटलीत? विचारायचं तरी होतं!”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“कशाला नाही?”

“स्टुलाला.” चादरवालीनं घडी थप्पीवर ठेवली. “मूल नाहीये ते मला माहितेय. बाईला मूल असलं की पोट पुढे येतं. तुझं उजवीकडे सुटलंय. पडदा वर ओढताना तू उजवा हात कुशीला लावतेस. तासाला दोनदा संडासला जातेस. अंडाशयात गाठ आहे ना?”

पडदेवालीनं दार लावलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मला कोण सांगणार? मला होती.” ती दुसरी चादर उचलत होती. “हे लोक पोटुशीला बसू देतात, दुसऱ्या कुणाला देतात का? म्हणून म्हटलं, चार महिने बोलतील, बोलू देत. तेवढं बसायला तर मिळेल हिला.”

“आणि माझी अब्रू?”

“अब्रूवर बसता येतं का?”

पडदेवालीला हसू फुटलं. संताप तसाच होता, आणि हसूही आवरत नव्हतं, आणि हसताना कूस दुखली म्हणून ती चादरींच्या गठ्ठ्यावर टेकली. चादरवाली मात्र हसत नव्हती.

“तुमची किती मोठी होती?”

“काय माहीत. संत्र्याएवढी म्हणत होते. मला कुणी दाखवली नाही. एकोणतीस वर्षांची होते. धाकटा दीड वर्षाचा. डॉक्टर म्हणाले गाठ काढायचीय. नवऱ्यानं सही केली. शुद्धीवर आले तेव्हा सगळं काढलेलं. दोन मुलगे आहेत, आता काय करायचंय, असं म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, महिन्याची कटकट गेली.” तिनं कोपऱ्यात कोपरा घातला. “महिन्याभरात अंगातून वाफा निघायला लागल्या. ऐन थंडीत खिडकी उघडून उभी राहायची. वाटायचं, वेडच लागलंय. तिशीत कुणाला सांगणार? आता गुडघे असे झालेत की जिना उतरताना देव आठवतो. हाडं ठिसूळ झालीत म्हणे.”

“मावशी, तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“मला कुठे स्टूल मिळणार होतं? माझं पोट कधी दिसलंच नाही इथे.” तिनं झटका दिला. या वेळी घडी नीट बसली नाही. “तुझंही सगळं काढणार?”

“नाही. गाठ तेवढी सोलून काढणार. अंडाशय ठेवायचा प्रयत्न करणार आहेत. डावीकडच्याला तर हातही लावणार नाहीत.”

चादरवालीचे हात थांबले.

“असं करता येतं?”

“हो.”

“तेव्हाही येत होतं?”

पडदेवालीला खोटं बोलणं फार सोपं होतं. नाही म्हटलं असतं की संपलं. पण खोटं लिहायचं नाही हे तिनं सकाळीच ठरवलं होतं, आणि ते तिला इथे मोडवेना.

“येत असावं, मावशी.”

चादरवालीनं हातातली चादर पुन्हा पूर्ण उलगडली, अगदी पहिल्यापासून, आणि नव्यानं घडी घालायला घेतली. पडदेवालीनं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून तीन चादरींच्या घड्या घातल्या. मग सुट्टी संपल्याची घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदेवालीनं फॉर्म काउंटरवरच भरला, सगळ्यांच्या देखत. टॉवेलवाली मान उंचावून बघत होती, तिला म्हणाली, “ये, बघ नीट.” ‘प्रसूतीची’ या शब्दावर तिनं पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, वर ‘ऑपरेशनची’ असं लिहिलं आणि पुढे तारीख टाकली. डॉक्टरबाईंची चिठ्ठी टाचणीनं जोडली आणि केबिनमध्ये गेली. दार उघडंच ठेवलं.

मॅनेजरनं आधी रेघ बघितली. मग चिठ्ठी वाचली. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

“मॅडम, फॉर्मवर अशी खाडाखोड चालत नाही.”

“मग दुसरा द्या. ज्यात माझ्यासाठी जागा असेल असा.”

“तसा नाहीये.”

“म्हणून खाडाखोड.”

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. “पण मजल्यावर तर मी वेगळंच ऐकलं होतं.”

“ऐकलंत. आता वाचा. अंडाशयाची गाठ, बारा सेंटिमीटर. सलग उभं राहायचं नाही, जड उचलायचं नाही. ऑपरेशनपर्यंत.” ती मुद्दाम हळू बोलत होती. बाहेर अख्खा मजला चिडीचूप होता. “आणि एक सांगते. गाठीच्या जागी मूल असतं, तरी मी याच आवाजात सांगितलं असतं.”

“पण असं एकीला दिलं तर उद्या सगळ्याच येतील. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे...”

“येऊ देत. नाहीतर आत्ता बाहेर चला आणि सगळ्यांसमोर माझ्याखालचं स्टूल उचला. मी अडवणार नाही.”

मॅनेजरनं काचेबाहेर पाहिलं. आज एकही मान खाली नव्हती. त्यानं फॉर्म ‘वर पाठवायचे’ लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवला. “वर विचारतो,” तो म्हणाला. “तोवर राहू दे.”

ती वळली तर दारात चादरवाली. हातात एक फॉर्म होता. कोरा तिनं कुठून मिळवला कोण जाणे, पण टॉवेलवाली मागे थप्पी मोजत असल्याचं नाटक करत होती. चादरवालीनं पडदेवालीकडे पाहिलंही नाही. गुडघ्यावर हात टेकून ती केबिनची पायरी चढली आणि कागद टेबलावर ठेवला. ‘प्रसूतीची’ या शब्दावर रेघ मारलेली होती, जरा वाकडी. वर मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत ‘ऑपरेशनची’.

मॅनेजरनं तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग हसला, जरा सुटल्यासारखा, कारण शेवटी एक तरी चूक सापडली होती.

“मावशी, वर्ष चुकलंय तुमचं. ही तारीख तर पंचवीस वर्षांपूर्वीची आहे.”

“चुकलं नाही,” चादरवाली म्हणाली. “मंगळवार होता. तेही लिहू का?”